तीन जांभळे टाके

रक्ताचा डाग काढायचा असेल तर कपडा गार पाण्यात भिजवायचा. गरम पाण्यात टाकला की डाग शिजतो, धाग्यात शिरतो आणि मग कपडा फाटेपर्यंत जात नाही. हे मला आत्याने मी सात-आठ वर्षांची असताना शिकवलं. रागाचंही तिचं असंच होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. जे सोडून द्यायचं ते ती गार पाण्यात घालायची. क्लबच्या मालकाने जे केलं, ते मात्र तिने उकळत्या पाण्यात घातलं होतं.

आत्या फुटबॉल क्लबचे कपडे धुवायची. एकतीस वर्षं. पूर्वेकडच्या स्टँडच्या पोटात, पायऱ्यांच्या उताराखाली, तिची खोली होती. छत एका बाजूला इतकं खाली उतरायचं की तिथे इस्त्रीचं टेबल ठेवलं होतं आणि आत्या कायम किंचित वाकून इस्त्री करायची. घरी, सरळ छताखालीसुद्धा तिची मान तशीच असायची. दोन मोठी मशीनं, एक कपडे वाळवायचं यंत्र, एक दगडी हौद, एक लोखंडी कपाट. खिडकी एकच, तीही मैदानाच्या उंचीला, म्हणजे बाहेर बघितलं तर फक्त गवत आणि बूट दिसत.

त्या खिडकीतून तिने एकतीस वर्षांत एकही सामना पूर्ण पाहिला नाही. पण डोक्यावर हजारभर लोक पाय आपटत असायचे आणि त्यावरून तिला सगळं कळायचं. "हुकला," ती इस्त्री न थांबवता म्हणायची. किंवा, "पंचाने काहीतरी खाल्लं वाटतं." आणि सामना संपला की कपड्यांचा ढीग येई, तो तिचा खरा सामना. मोज्यांच्या टाचा बघून कोण पळालं आणि कोण उभं राहिलं हे ती सांगायची. एकदा नव्या फॉरवर्डने ऐटीत विचारलं, "आत्या, कसा खेळलो मी?" तिने त्याची चड्डी वर धरली. "बाळा, ही मी इस्त्री करून पाठवली होती तशीच परत आलीय. घडीसुद्धा मोडली नाहीस." त्या पोराने पुढच्या सामन्यात इतक्या घसरगुंड्या घेतल्या की त्याचे कपडे तिला दोनदा भिजवावे लागले. तिला आनंद झाला.

तिला सगळा क्लब आत्या म्हणायचा, याचं कारण मी. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, याच क्लबचे अकरा नंबर. डाव्या बाजूने पळायचे. मला कडेवर घेऊन ते कपडे बदलायच्या खोलीत यायचे, मी "आत्या, आत्या" करत हौदाकडे धावायची आणि बाकीचे खेळाडूही तेच म्हणायला लागले. मी चार वर्षांची असताना, हंगामाच्या मध्यावर, वडिलांना ताप आला. नऊ दिवसांत ते गेले. त्यांची शेवटच्या सामन्याची जर्सी तेव्हा आत्याकडे धुवायला आलेली होती.

ती तिने परत पाठवलीच नाही. लोखंडी कपाटात, वरच्या खणात ठेवली. क्लबनेही मागितली नाही. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी, मशीनं सुरू करायच्या आधी, ती जर्सी ती काढायची, हौदावर हाताने धुवायची, सावलीत वाळवायची, घडी घालून परत ठेवायची. कुणाला सांगायची नाही. रडायचीही नाही. आई म्हणायची, "तुझ्या आत्याला दुःख करायचं नाही, दुःख स्वच्छ ठेवायचंय."

हा मालक सहा वर्षांपूर्वी आला. उंच, डावखुरा, कायम पांढरा शर्ट, कायम हिरव्या शाईचं पेन. आख्ख्या क्लबमध्ये तो एकटा तिला मावशी म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने हिरव्या सहीने एक कागद काढला: स्टँडखालच्या सगळ्या खोल्यांमधलं जुनं सामान हलवावं. आत्या त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात होती. परत आली तेव्हा कपाट जागेवर होतं, आणि रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जर्सी सापडली. मालकाचा ड्रायव्हर आवारात गाडीची काच पुसत होता, त्याच्या हातात होती. सगळी नाही, अर्धी. अकराच्या दोन एकांपैकी एकच एक. ड्रायव्हर बिचारा गांगरला, त्याने फडकं लगेच तिच्या हातात दिलं. "मला चिंध्या म्हणून पोतंच दिलं हो आत्या, मला काय माहीत." दुसरा अर्धा कुठे गेला ते त्यालाही आठवेना.

ती तशीच वर ऑफिसात गेली. मालक सह्या करत होता. त्याने मान वर केली नाही.

"मावशी," तो म्हणाला, "धुऊन धुऊन विरलेले कपडे होते. तुम्हाला धुवायला ठेवलंय, सांभाळायला नाही."

आत्या खाली आली आणि तिने तो अर्धा तुकडा पाच वेळा धुतला. ग्रीस गेलं नाही. तेव्हापासून वरच्या खणात एवढंच उरलं: काळ्या बोटांचे ठसे असलेलं कापड आणि त्यावर एकटा एक.

घरी आल्यावर तिने जेवताना आईला सांगितलं, "वहिनी, मी त्याचा शर्ट उतरवणार आहे." आईला वाटलं, रागाचं बोलणं आहे. आम्ही दोघींनी तिच्या पानात भाजी वाढली आणि विषय बदलला.

या वर्षी, हंगामाच्या मधल्या सुट्टीत, लीगने मालकाला अपात्र ठरवलं. त्याच लीगमधल्या दुसऱ्या एका क्लबातही त्याचा छुपा हिस्सा निघाला होता. पत्र कडक होतं. हंगाम संपायच्या आत क्लब विकायचा. तोवर मैदानात, ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, कारभारात बोट घालायचं नाही. घातलंच, तर क्लबचे नऊ गुण कापले जातील.

नऊ गुण म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत लहान मुलांनाही कळत होतं. आमच्याकडे तेव्हा तळापासून सहा गुणांचं अंतर होतं. नऊ गेले की आम्ही खालच्या विभागात. आणि खालच्या विभागातून आमच्यासारखे क्लब परत वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मैदानाच्या फाटकासमोर एक केशकर्तनालय आहे. तिथला न्हावी क्लबच्या चाहत्यांचा म्होरक्या. त्याच्या खुर्चीत बसलं की केस कमी आणि मत जास्त कापलं जातं. दुसरे म्हणजे मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सभासद मंडळाचे चिटणीस. क्लबच्या जुन्या घटनेत एक कलम होतं आणि ते मास्तरांना पाठ होतं: क्लब कुणालाही विकायचा तर सभासदांच्या बहुमताची संमती हवी. म्हणजे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कुणीतरी काहीतरी विचारणार होतं.

आणि विचारणार होतं ते मालकाच्या मेहुण्याबद्दल.

"मेहुणा म्हणजे मालकच की," न्हावी म्हणाला. मी आईचं पार्सल द्यायला तिथे गेले होते आणि अडकले होते. "चेहरा मेहुण्याचा, तोंड मालकाचं."

"कायद्यात बसतं," मास्तर खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या मानेवर वस्तरा होता, म्हणून ते न हलता बोलत होते. "रक्ताचं नातं नाही. लीगनेही हरकत घेतलेली नाही. आणि तो नको, तर कोण? तू चालवणार?"

"आपण सगळे चालवू. सभासद. इतके क्लब चालतात तसे."

"तू तुझं दुकान वेळेवर उघडत नाहीस."

"मास्तर, वस्तरा माझ्या हातात आहे."

"म्हणून तर सभ्य शब्दांत बोलतोय."

बाकावर बसलेल्या चौघांचं मत पाच प्रकारचं होतं. एकाला मेहुणा चालत होता कारण तो पश्चिमेकडच्या स्टँडला छप्पर घालणार होता. दुसऱ्याला छप्पर नको होतं, त्याला पावसात उभं राहायची सवय होती. एक म्हातारा नुसता म्हणत होता, "बंद करा, मोडून टाका, त्याच्या हातात देण्यापेक्षा मोडून टाका," आणि दर वेळी म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. शेवटी ठरलं एवढंच की रविवारी सकाळी दहाला समोरच्या शाळेच्या व्यायामशाळेत सभा. मैदानात नाही, कारण मालकाला यायचं होतं. सभेत कुणीही नागरिक येऊ शकतो, असं त्याच्या वकिलाने कळवलं होतं.

आता आत्याच्या टाक्यांबद्दल सांगायला हवं.

पहिल्यांदा धुवायला येणाऱ्या प्रत्येक कपड्याला ती एक खूण घालायची. कॉलरच्या आत, मध्यभागी, दोऱ्याचे बारीक टाके. खेळाडूंच्या खोलीतला कपडा असेल तर एक टाका. पंचांच्या खोलीतला, दोन. ऑफिसातून आलेला, तीन. आणि दोऱ्याचा रंग अर्ध्या हंगामाला बदलायचा. म्हणजे कोणता कपडा कधीपासून वापरात आहे ते कळतं. मधल्या सुट्टीआधी हिरवं रीळ होतं. सुट्टीनंतर तिने जांभळं उघडलं. ही पद्धत तिला कुणी सांगितलेली नव्हती, आणि तिच्याशिवाय ती कुणाला माहीतही नव्हती. मलासुद्धा फक्त थोडी. हे टाके घालताना तिचं लक्ष नसायचं. बोटं घालायची, ती दुसरंच बोलत असायची.

सुट्टीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या पिशवीत, टॉवेलांच्या खाली, पांढरे शर्ट आले. तिला वाटलं पाहुण्यांना चहा देणाऱ्या मुलांचे असतील. बोटांनी तीन टाके घातले, शर्ट मशीनमध्ये गेले, परत वर गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. या वेळी एका शर्टाच्या डाव्या बाहीवर मनगटाशी डाग होता, आणि डागावर फवारायला तिने तो दिव्याखाली धरला.

हिरवी शाई.

डावखुरा माणूस लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून ओढतो. आमच्या क्लबमध्ये हिरव्या शाईने लिहिणारा एकच डावखुरा होता, आणि त्याने सुट्टीपासून ऑफिसची पायरी चढायची नव्हती.

तिने ऑफिसच्या शिपायाला विचारलं. फार सहज. "रे, शर्टांना कडक इस्त्री हवी का साधी?" शिपाई तिच्याहून साधा. म्हणाला, "आत्या, साहेब मागच्या दाराने येतात ना, आंघोळ खेळाडूंच्या बाथरूमात करतात, आणि शर्ट तिथेच टाकतात. घरी कुणी विचारू नये म्हणून. तुम्ही कुणाला बोलू नका हं." जगापासून लपवायची धडपड करणाऱ्या माणसाला मळका शर्ट मात्र सवयीने क्लबच्याच पिशवीत टाकावासा वाटला. आयुष्यभर कुणीतरी धुऊन देत होतं; कोण धुतं याचा विचार त्याला आजही शिवला नव्हता.

त्या आठवड्यापासून आत्याने त्याच्या कॉलरला दुप्पट खळ घालायला सुरुवात केली.

गुरुवारी दुपारी तिने न्हाव्याला आणि मास्तरांना खोलीत बोलावलं आणि शर्ट टेबलावर ठेवला. मी कॉलेजातून परस्पर तिथे आले होते. तिने सगळं सांगितलं. न्हाव्याने कॉलर उलटून टाके बघितले, पुन्हा बघितले, आणि मशीनवर बुक्की मारली.

"सापडला! आजच लीगला कळवू. फोटो काढू. त्याचा मेहुणा, मेहुण्याचा मेहुणा, सगळे बाद!"

"आणि नऊ गुण?" मास्तर म्हणाले.

मशीन पिळण्याच्या फेरीवर आलं होतं. ते थरथरत होतं.

"जाऊ देत खाली," न्हावी म्हणाला, पण आवाज निम्मा झाला होता.

"तुझ्या पोराला सांग हे. पुढच्या वर्षी तो कुठल्या मैदानावर कुणाविरुद्ध खेळणार ते सांग. आत्या, ऐका माझं. हा शर्ट म्हणजे आपल्याच पायावरची कुऱ्हाड आहे. जाळून टाका. मेहुण्याला मत द्या नाहीतर देऊ नका, पण हे बाहेर काढू नका. क्लब आहे तर आपण आहोत."

आत्याने शर्टाची बटणं लावली, बाह्या मागे दुमडल्या, घडी घातली. घाई केली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा क्लब वर मैदानावर आहे. माझा त्या खणात होता. तो त्याने काच पुसायला दिला."

"म्हणून तुम्ही तीन हजार माणसांचा—"

"मी अजून काही केलेलं नाही. मी शर्ट धुतलाय. उद्या तो परत वर जाईल, आणि रविवारी तो यांपैकीच एक घालून येईल. त्याच्याकडे दुसऱ्या रंगाचा शर्ट कुणी बघितलाय?"

मास्तर गेल्यावर मी तिला विचारलं, "तू खरंच कळवशील?"

"तुला काय वाटतं?"

मला काहीच वाटेना. मी वडिलांचा चेहरा फोटोतून ओळखते. त्यांच्या घामाचा वास तिला माहीत होता. आमच्या दोघींच्या नुकसानाचं माप एक नव्हतं. मी म्हटलं, "क्लब खाली गेला तर बाबांना आवडलं नसतं."

"तुझ्या बाबाला हरणं आवडायचं नाही," ती म्हणाली. "कुठलंच."

रविवारी व्यायामशाळा भरली होती. दोरखंड, शिड्या, भिंतीला टेकवलेल्या गाद्या आणि तीनशे माणसं. पुढे एक टेबल: मधे मास्तर, उजवीकडे मेहुणा, डावीकडे, "केवळ शुभेच्छुक" म्हणून, मालक. करडा कोट, पांढरा शर्ट. खळीने कॉलर इतकी ताठ होती की बाजूला बघायला त्याला कमरेतून वळावं लागत होतं.

"मान अवघडलीय वाटतं," मागून न्हावी मोठ्याने म्हणाला. "या दुकानात, मोडून देतो." लोक हसले.

मेहुण्याने छपराबद्दल सांगितलं. मग मालक उभा राहिला. बोलणं गोड होतं. क्लबवर आपलं प्रेम आहे, आपल्यावर अन्याय झाला, तरी आपण शिस्त मोडली नाही. "पत्र आलं त्या दिवसापासून," तो म्हणाला आणि हात छातीवर ठेवला, बरोबर त्या शर्टावर, "मी क्लबच्या दाराची पायरी चढलेलो नाही. क्लबच्या एका पेल्याचं पाणी प्यायलेलो नाही."

पुढच्या दोन-तीन रांगांमधली डोकी हलली. म्हाताऱ्याचंही हललं. मी बघत होते आणि मला कळत होतं की मत त्याच्याकडे झुकतंय.

आत्या दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी होती. ती उठली. हातात कपडे झाडायचा ब्रश होता. तो तिच्या पिशवीत नेहमी असतो. ती टेबलाला वळसा घालून मालकाच्या मागे गेली.

"दोरा लागलाय साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कॉलरला. थांबा, काढते."

कुणीतरी हसलं. लोकांना वाटलं, आत्याला गप्प बसवत नाही, मळकं काही दिसलं की हात जातोच. मालकही हसला आणि मान थोडी पुढे केली, न्हाव्यापुढे करतात तशी. तिने कॉलर उलटली आणि वाकली. ती त्याच्या कानात काय बोलली हे तेव्हा कुणालाच ऐकू गेलं नाही. मला तिने नंतर सांगितलं, शब्द न बदलता, आणि एकदाच:

"जांभळा दोरा, तीन टाके. हा दोरा मी सुट्टीनंतर उघडला. तीन टाके म्हणजे तुमचं ऑफिस. असे आठ शर्ट आहेत तुमचे. पाणीसुद्धा प्यायला नाहीत म्हणता, मग हा कुणाच्या पाण्यात धुतला ते मी इथे सांगू, की आत येताय?"

मालकाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, खाली मात्र काहीतरी निघून गेलं. मास्तरांनी ते बघितलं आणि घाईने उभे राहिले. "पाच मिनिटं चहा," ते म्हणाले, चहा नसतानाही.

व्यायामशाळेच्या मागे चेंडू ठेवायची खोली आहे. आम्ही चौघं आत गेलो: मालक, मास्तर, आत्या, आणि तिने माझा हात सोडला नाही म्हणून मी. मास्तरांनी दार लावलं. रबराचा वास होता.

"काय हवंय तुम्हाला, मावशी?" मालक म्हणाला.

"बाहेर जाऊन सांगा, मेहुणा माघार घेतोय. तुम्हीही सोडताय. सभासद जे ठरवतील त्या कागदावर सही कराल. हिरव्या शाईने."

"नाहीतर?"

"नाहीतर शर्ट लीगकडे जाईल."

तो आता सावरला होता. तो गाद्यांच्या ढिगावर टेकला. "पाठवा की. नऊ गुण माझे जाणार नाहीत, तुमचे जातील. मी तर तसाही बाहेर आहे. क्लब तुम्हीच बुडवाल, आणि ही बाहेरची माणसं तुम्हाला आयुष्यभर विसरणार नाहीत. सांगा ना यांना, मास्तर."

मास्तरांनी खरंच तोंड उघडलं. मग माझ्या आत्याकडे बघून मिटलं.

"बुडू दे," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी सगळी उमर पाण्यात हात घालण्यात गेली. बुडायची भीती तुम्ही मला नका घालू. मी खालच्या विभागाचेही कपडे धुवीन. तुमचा शर्ट मात्र मी लीगच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवीन, आणि त्याला इस्त्री करून नेईन."

तो तिच्याकडे बघत राहिला. सौदे करणारा माणूस होता. शर्ट लीगकडे गेला तर मेहुणाही बाद होणार होता, आणि खालच्या विभागातल्या क्लबला कुणी किंमत दिली नसती. समोरचा पत्ते लपवतोय का हे ओळखण्यावर त्याचं सगळं उभं होतं. त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधलं. मीही शोधत होते. कुठेच पळवाट नव्हती. त्या क्षणी मला तिची भीती वाटली, आणि मला वाटतं त्यालाही.

"पण का?" तो म्हणाला. खरोखर न कळून. "मी तुमचं काय वाकडं केलंय?"

"कपाट," आत्या म्हणाली.

"कुठलं कपाट?"

त्याला आठवत नव्हतं. तो नाटक करत नव्हता. आत्याने माझा हात धरला होता, तो तिने इतका आवळला की माझ्या अंगठीचा वळ दोन दिवस राहिला. वाटलं, आता ती सांगेल: जर्सी, अकरा, काच. पण तिने सांगितलं नाही. आठवण करून देणं म्हणजेही त्याला काहीतरी देणंच झालं असतं.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

"काय?"

"हा शर्ट क्लबच्या साबणाने धुतलाय. इथेच राहील. कोट घाला वरून, थंडी नाही वाजणार."

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मालकाने एकेक बटण काढलं. ताठ कॉलर निघताना मानेवर लाल रेघ दिसली. आत्याने शर्ट हातात घेतला, सवयीने झटकला, आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मग तिने ब्रशाने त्याच्या कोटाचा खांदा एकदा झाडला. "जा आता."

तो बाहेर गेला तेव्हा कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती आणि तरी वरच्या फटीतून गंजीची किनार दिसत होती. तीनशे माणसांना ती दिसली. त्याने मेहुण्याच्या कानाशी काही सांगितलं. मेहुणा लाल झाला, मग पांढरा. मग मालकाने उभ्यानेच जाहीर केलं. दोन वाक्यांत. व्यायामशाळेत पाय आपटायला सुरुवात झाली, लाकडी फरशीवर, आमच्या स्टँडमध्ये आपटतात तशी. आत्या वर बघत होती, जणू आवाज छतातून येतोय.

"गोल," ती म्हणाली.

"शर्ट कुठे हरवला, साहेब?" न्हावी ओरडला. त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण त्याची जीभ नेहमीच बातमीच्या आधी पोचते.

हंगाम संपताना आम्ही तळापासून चौथे राहिलो. सभासदांचा क्लब झाला. न्हावी अध्यक्ष आहे आणि दुकान आता आणखी उशिरा उघडतं. भांडणं पूर्वीपेक्षा जास्त होतात. त्या पश्चिमेच्या स्टँडला छप्पर अजून नाही.

सभेनंतर तीन दिवसांनी मास्तर आत्याच्या खोलीत आले होते. त्यांना झोप लागत नव्हती. तो शर्ट आहे तोवर क्लबच्या मानेवर वस्तरा आहे, ते म्हणाले. कुणाच्या हाती लागला, तर जिंकलेलं सगळं जाईल. आत्याने त्यांना टेबलाजवळ बसवलं, पिशवीतून शर्ट काढला आणि मोठी कात्री घेतली. पाठ, दोन्ही बाजू, बाह्या. हिरवी शाई लागायची ती डाव्या मनगटाची पट्टी तिने आधी कापली. आठ चौकोनी फडकी झाली. एक तिने ओलं केलं आणि खिडकीची काच आतून पुसली, नीट, कोपऱ्यांपर्यंत. बाहेर गवत दिसायला लागलं.

"कॉलर?" मास्तरांनी विचारलं.

कॉलर टेबलावर तशीच होती, आतली बाजू वर, तीन जांभळे टाके.

"ती राहील."

"आत्या, आता कशाला? माणूस संपला. सूड झाला तुमचा."

तिने कॉलर उचलली आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या खणात ग्रीसचे ठसे असलेला तुकडा होता, त्यावर एकटा एक. तिने कॉलर त्याच्या शेजारी ठेवली, मधे दोन बोटांचं अंतर सोडून, एकाला दुसरं लागू नये म्हणून.

"दर हंगामाला दोन्ही धुवीन," ती म्हणाली. "हा गार पाण्यात. आणि ती गरम."